तळ आणि गाव यांच्यामधली दुभाषी नोकरी: ओकिनावातली सहा वर्षं

पागोळी (धागाकर्ती)

मागे एका धाग्यात ओघात लिहून गेले होते की मी ओकिनावातल्या एका अमेरिकी तळावर सहा वर्षं दुभाषी समन्वयक होते. तेव्हापासून निरोपांत तेच प्रश्न येताहेत: काम नक्की काय असतं, कोणाच्या बाजूनं बोलायचं, भाषा किती लागते. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते. तळाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. जपानच्या एकूण जमिनीपैकी ओकिनावा जेमतेम ०.६ टक्के. पण जपानमध्ये केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी असलेल्या तळांची सुमारे ७० टक्के जमीन या एका प्रांतात आहे. मुख्य बेटाचा साधारण १५ टक्के भाग कुंपणाच्या आत. कादेना गावाची तर ८० टक्क्यांहून जास्त जमीन तळाखाली गेली, उरलेल्या पट्टीत गावकरी राहतात. फुतेन्माचा हवाई तळ गिनोवान शहराच्या ऐन पोटात आहे आणि चहूबाजूंनी घरं, शाळा, दवाखाने. इथे तळ गावाबाहेर नसतो. तळ मध्ये असतो आणि गाव त्याच्या कडेकडेनं वसलेलं असतं.

एकाच कुंपणाची नावंसुद्धा दोन. अमेरिकी माणूस ज्याला कॅम्प फॉस्टर म्हणतो त्याला गावकरी झुकेरान म्हणतात. कॅम्प किन्सर म्हणजे माकिमिनातो. फॉस्टर, किन्सर, हॅन्सन, श्वाब ही १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत मेलेल्या मरीन सैनिकांची नावं आहेत. झुकेरान आणि माकिमिनातो ही त्या जमिनीची. मला दोन्ही तोंडपाठ असावी लागत. आणि कोणासमोर कोणतं घ्यायचं हेही कळावं लागे.

नोकरीची रचना जरा वेगळी आहे. तळावर काम करणारे स्थानिक कर्मचारी देशभरात सुमारे २५,००० आहेत, त्यातले ९,००० च्या आसपास ओकिनावात. त्यांना कामावर ठेवतं जपान सरकार, काम सांगतं अमेरिकी सैन्य. माझ्याकडे जपानचा कायमचा रहिवासी परवाना होता, जपानी आणि इंग्रजी दोन्ही येत होत्या, म्हणून मी अर्ज केला. टेबलावर दोन फोन, एक तळाच्या आतला, एक बाहेरचा. बाहेरच्या फोनवर कोण असेल सांगता येत नसे: नगरपालिकेच्या तळ-व्यवहार विभागातला कारकून, शाळेच्या मुख्याध्यापिका, आपल्या गाडीला 'वाय' पाटीच्या गाडीनं धक्का दिला म्हणून रागावलेले आजोबा. ('वाय' हे अक्षर असलेली नंबरपाटी म्हणजे अमेरिकी सैनिकाची खासगी गाडी, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं.) सण-समारंभांची आमंत्रणं, सैनिकांनी शाळेत जाऊन इंग्रजी शिकवणं, समुद्रकिनाऱ्याची सफाई हीही कामं होती. पण कामाचा गाभा म्हणजे तक्रार. ती ऐकायची, आत पोचवायची, उत्तर बाहेर आणायचं.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण माझ्या मते या कामातलं खरं काय ते सगळं तिच्यात आहे.

ओकिनावात ओबोन हा पितरांचा सण चांद्र पंचांगानं येतो, सातव्या महिन्याच्या १३ ते १५ या तिथींना. शेवटची रात्र 'ऊकुई', पितरांना निरोप द्यायची. सगळं घर रात्री उशिरा देवघरापुढे बसतं, 'उचिकाबी' म्हणजे पितरांच्या खर्चासाठीचे कागदी पैसे धातूच्या भांड्यात जाळतात, वर आवामोरी दारू ओततात. माझ्या पहिल्या वर्षी त्या रात्री साडेदहाला दोन हेलिकॉप्टरं वस्तीवरून खालून गेली. कादेना आणि फुतेन्मासाठी १९९६ मध्ये झालेला आवाज-करार म्हणतो की रात्री १० ते सकाळी ६ उड्डाणं टाळायची, लष्करी गरज असेल तेवढीच करायची. 'गरज' म्हणजे काय हे ठरवतं सैन्य.

सकाळी वस्तीच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. जिचिकाइचो म्हणतात त्यांना. सत्तरीचे गृहस्थ, आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, "काल माझी आई वडिलांना निरोप देत होती. तिचे शब्द तिलाच ऐकू आले नाहीत. लढाईत भावंडं गेली तेव्हा डोक्यावर विमानंच होती. तारीख माहीत नव्हती असं सांगू नका, मी दर वर्षी कळवतो."

मी नोंदवहीत इंग्रजीत काय लिहिलं? 'स्थानिक सणादरम्यान विमानांच्या आवाजाबद्दल एका रहिवाशानं चिंता व्यक्त केली.' आतून उत्तर आलं दोन शब्दांचं, नोंद घेतली. ते जसंच्या तसं सांगायला जीभ रेटेना. मी जपानीतल्या अदबीच्या ठेवणीतलं वाक्य काढलं: झालेल्या त्रासाबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो, यापुढे पूर्ण दक्षता घेऊ. ते म्हणाले, ठीक आहे, आणि फोन ठेवला. मला वाटलं, निभावलं.

पुढच्या वर्षी ऊकुईच्या रात्री पुन्हा तेच. या वेळी फोन आला नाही. अध्यक्ष स्वतः फाटकावर आले. हातात शाळकरी पोरांची असते तसली वही, त्यात तारीख, वेळ, किती विमानं, कोणत्या दिशेनं, सगळं आखून लिहिलेलं. मागच्या वर्षीच्या पानावर माझं नाव होतं आणि खाली माझं वाक्य, एकही शब्द न बदलता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोणी म्हटलं होतं?"

हे कोणीच म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. त्यांचा राग आत जाताना मी कापला आणि आतला थंडपणा बाहेर येताना त्याला तूप लावलं. आतल्या मेजरना कधी कळलंच नाही की प्रश्न सणाचा नव्हे, मेलेल्या माणसांचा आहे. आणि बाहेरच्या माणसानं वर्षभर एका आश्वासनावर विश्वास ठेवला, जे कोणी दिलंच नव्हतं.

त्या दिवशी मी अध्यक्षांना खरं सांगितलं. मग आत जाऊन मेजरना दोन्ही वर्षांची पानं वाचून दाखवली, एकेक वाक्य, 'माझी आई' म्हणजे 'माझी आई' असंच. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "पुढच्या वर्षी तारीख कोणती?" मी चांद्र तिथींवरून पुढच्या तीन वर्षांच्या इंग्रजी तारखा काढून दिल्या, त्या उड्डाणांचं वेळापत्रक करणाऱ्या खोलीत भिंतीवर लागल्या. तिसऱ्या वर्षी आमच्या तळावरून त्या रात्री नवानंतर काही उडालं नाही. दुसरीकडून आलेलं एक विमान मात्र गेलं. अध्यक्षांच्या वहीत दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत.

विचारा काय विचारायचं ते.

---

केतकीवन

पागोळीताई, वही डोळ्यांपुढून जात नाहीये. माझा साधा प्रश्न: मेजर बदलले की काय होतं? सैन्यात तर सतत बदल्या.

पागोळी

केतकीवन, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. अमेरिकी अधिकारी साधारण दोन-तीन वर्षांत बदलतो. गावातला माणूस तिथेच जन्मतो आणि तिथेच त्याचं थडगं असतं. म्हणून दर बदलीनंतर गावाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, आणि तेच पुन्हा सांगण्याचाही एक वेगळा संताप असतो. तळाची आठवण अधिकाऱ्यांकडे नसते, स्थानिक कर्मचाऱ्यांकडे असते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई तिथे एकोणतीस वर्षं होत्या. नवा अधिकारी आला की त्या त्याला पहिल्याच आठवड्यात गाडीत घालून कुंपणाबाहेरून पूर्ण फेरी मारत आणि प्रत्येक शाळेसमोर गाडी थांबवत. नकाशावर शाळा दाखवणं वेगळं आणि सुट्टीच्या वेळी पटांगणाशेजारी उभं राहून वर बघायला लावणं वेगळं.

---

सरळरेघ

लिखाण प्रामाणिक आहे, म्हणून मीही मोकळेपणानं बोलतो. मला हे काम पटत नाही. १९९५ मध्ये तीन सैनिकांनी १२ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला, त्यानंतरच्या निषेध सभेला ८५,००० माणसं आली. २००४ च्या ऑगस्टमध्ये हेलिकॉप्टर ओकिनावा आंतरराष्ट्रीय विद्यापीठावर कोसळलं तेव्हा अमेरिकी सैनिकांनी जागा वेढून टाकली, स्थानिक पोलिसांनाही आत घेतलं नाही. अशा व्यवस्थेला गोड आवाजाचा स्थानिक चेहरा मिळाला की तिचं चालणं सोपं होतं. तुमचं तूप लावणं ही चूक नव्हती ताई, त्यासाठीच ती जागा निर्माण केलेली असते.

पागोळी

सरळरेघ, तुमचं शेवटचं वाक्य मी पहिल्या दोन वर्षांत स्वतःला रोज विचारायचे. उत्तर देते, पण तुम्हाला पटावंच असा हट्ट नाही.

तूप लावावं अशी अपेक्षा असते, हे खरं आहे. उघड कोणी सांगत नाही. दोन्हीकडची माणसं तुमच्याकडे अशा नजरेनं बघतात की 'सांभाळून घ्या'. २०१६ च्या डिसेंबरमध्ये नागो शहराजवळ ऑस्प्रे हे अमेरिकी लष्करी विमान समुद्रात पडलं. टोकियोचं सरकार म्हणालं 'फुजिचाकुसुइ', म्हणजे नाइलाजानं पाण्यावर उतरणं. ओकिनावाची माणसं आणि तिथली वर्तमानपत्रं म्हणाली 'त्सुइराकु', म्हणजे कोसळणं. विमानाचे तुकडे किनाऱ्याजवळ पडलेले सगळ्यांना दिसत होते. अशा वेळी दुभाष्यानं कोणता शब्द उचलायचा? माझा नियम असा झाला की बोलणारा जो शब्द वापरतो तोच पलीकडे जाईल. गावकरी 'कोसळलं' म्हणाला तर इंग्रजीतही कोसळलंच. अधिकारी 'उतरलं' म्हणाला तर जपानीत उतरलं, आणि त्यावर समोरच्याचा चेहरा काळवंडला तर तो अधिकाऱ्यानं बघावा. मध्ये पडदा धरायचा नाही.

दुसरं, गप्प राहण्याचं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एका अमेरिकी हवाई सैनिकावर अल्पवयीन मुलीच्या अपहरणाचा आणि लैंगिक अत्याचाराचा आरोप आला, २०२४ च्या मार्चमध्ये आरोपपत्र दाखल झालं, आणि प्रांताच्या सरकारला ते कळलं जूनमध्ये, बातम्यांमधून. १९९७ पासून अशा घटना कळवण्याची ठरलेली पद्धत असूनसुद्धा. तेव्हा मी नोकरी सोडलेली होती. तरी तो दिवस माझा वाईट गेला. चुकीचं भाषांतर निदान उलगडता येतं, न सांगितलेल्या गोष्टीचं काय करणार?

तळ असावेत की नसावेत यावर माझं मत आहे, ते मी मतदानाचा हक्क असलेल्या माणसांपुढे रेटत नाही. पण तळ आज आहेत. साडेदहाच्या हेलिकॉप्टरबद्दल बोलायला आज कोणीतरी फोन उचलायचा आहे. तो उचलणारा माणूस खरं पोचवणारा असावा की गुळगुळीत करणारा, एवढाच प्रश्न माझ्या हातात होता.

सरळरेघ

उत्तर पोचलं. माझं मत बदललेलं नाही, पण 'मध्ये पडदा धरायचा नाही' हे मान्य.

---

अनुस्वार

कायद्याची बाजू थोडी लिहितो, कारण 'सैनिकांवर जपानी कायदा चालतच नाही' असं सरसकट वाचायला मिळतं आणि ते तसं नाही. जपान-अमेरिका सैन्यदर्जा करार १९ जानेवारी १९६० रोजी झाला. त्यातलं १७ वं कलम गुन्ह्यांबद्दल आहे. कामावर असताना केलेल्या कृत्यासाठी पहिला हक्क अमेरिकी लष्कराचा, कामाबाहेरच्या गुन्ह्यासाठी जपानचा. अडचण वेगळीच आहे. आरोपी अमेरिकेच्या ताब्यात असेल तर आरोपपत्र दाखल होईपर्यंत तो त्यांच्याच ताब्यात राहू शकतो. १९९५ च्या संतापानंतर एवढं ठरलं की खून आणि बलात्काराच्या प्रकरणांत आधीच ताबा देण्याच्या विनंतीचा अमेरिका सहानुभूतीनं विचार करेल. करार मात्र तसाच आहे.

पागोळी

अनुस्वार, धन्यवाद. फोनवर हे इतक्या शांतपणे सांगता येत नाही, पण सांगावं लागतं. आणि 'सहानुभूतीनं विचार' हे शब्द पीडितेच्या गावात उभं राहून उच्चारून बघा. मी उच्चारलेत.

---

शब्दवेडी

मला भाषेबद्दलच विचारायचंय! जपानी माणूस स्पष्ट 'नाही' म्हणत नाही असं ऐकलंय. मग 'जसंच्या तसं पोचवायचं' हे जमतं तरी कसं?

पागोळी

शब्दवेडी, हा प्रश्न कधी येतोय याचीच वाट बघत होते.

'केन्तो शिमासु', शब्दशः 'विचार करतो'. नगरपालिकेच्या तोंडून आलं की बहुतेक वेळा अर्थ 'होणार नाही'. अमेरिकी अधिकारी वहीत लिहितो, 'ते विचार करत आहेत', आणि आठवड्यानं आठवण करतो. मी शब्द तसाच देऊन लगेच म्हणे, 'हे दुभाष्याचं बोलणं आहे: हा बहुधा नकार आहे, हवं तर मी त्यांना विचारते.' आपलं स्पष्टीकरण वेगळं आहे हे मोठ्यानं सांगायचं, भाषांतरात कालवायचं नाही.

मग 'इकान'. सरकारी निवेदनांत सतत येतो. खेद म्हणावा तर कमी, माफी तर मुळीच नाही, आणि बोलणाऱ्याची चूक होती की समोरच्याची तेही त्यातून कळत नाही. उलट गावाकडून येणाऱ्या कागदाचे प्रकार असतात: 'योसेइ' म्हणजे विनंती, 'कोगी' म्हणजे निषेध. निषेधाच्या पत्राला इंग्रजीत साधं 'पत्र' म्हटलं की नगरसभेचा ठराव, महापौरांचं स्वतः चालत येणं, उभं राहून वाचणं, सगळ्यावर पाणी. मी मथळाच ठळक करून देत असे.

आकडे हा मोठा सापळा. जपानी मोजतात दहा हजारांच्या एककात, 'मान'. इंग्रजी हजारांत. २०२० च्या एप्रिलमध्ये फुतेन्मा तळावरून आग विझवण्याचा विषारी फेस सांडला, सगळा मिळून २,२७,१०० लिटर, त्यातला १,४३,८३० लिटर कुंपणाबाहेर गेला. फेसाचे गोळे वाऱ्यानं वस्तीत उडत होते. जपानीत हा आकडा 'बावीस मान सात हजार शंभर', इंग्रजीत 'दोनशे सत्तावीस हजार शंभर'. घाईत एक शून्य कुठेही घसरतं. मला मात्र आपला लाख उपयोगी पडला: दहा मान म्हणजे एक लाख. मी मनात मराठीत आणून मग पुढे टाकत असे, आणि सहा वर्षांत आकड्यात चुकले नाही. ही एक गोष्ट मी अभिमानानं सांगते.

आणि सगळ्यात अवघड, 'मी'. दुभाष्यानं 'ते म्हणतात की' म्हणायचं नसतं, बोलणाऱ्याचा 'मी' आपल्या तोंडून बोलायचा असतो. 'माझ्या मुलीला रात्री झोप लागत नाही.' दिवसभर असे वेगवेगळे 'मी' बोलून घरी आले की काही वेळ मला काहीच बोलावंसं वाटत नसे.

---

निवृत्त हवालदार

पागोळीताई, नमस्कार. मी काँगोत उत्तर किवूमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत होतो. तळ आमचा, गाव त्यांचं. आमच्या कंपनीच्या तळावर स्थानिक समन्वयक असत, काँगोचेच नागरिक, संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी. फ्रेंच, स्वाहिली आणि गावची बोली येणारे. आम्हाला यातलं काहीच येत नसे, आमचं इंग्रजी आणि हिंदी.

आमच्याबरोबर असलेला मुलगा रोज गावात चालत जायचा. बाजारात बायका लवकर दुकान आवरू लागल्या, किंवा एखाद्या वाटेनं पाण्याला जाणं बंद झालं, की तो येऊन सांगायचा. त्यावरून गस्त कुठे न्यायची ते ठरायचं. आमच्या दुर्बिणींना जे दिसत नव्हतं ते त्याला दिसायचं. पण तुमचं वाचून आठवलं, एकदा गावकऱ्यांच्या बैठकीत एक म्हातारा पाच मिनिटं बोलला आणि यानं आम्हाला सांगितलं, 'ते सुरक्षा वाढवा म्हणतात.' मी बाहेर आल्यावर विचारलं, पाच मिनिटं एवढंच? तर म्हणाला, 'साहेब, तो शिव्या देत होता. तुम्ही तळ केलात पण परवाच्या रात्री आला नाहीत म्हणून.' मी म्हटलं, बाबा, तेच तर सांगायचं होतं.

त्या पोरांची जोखीम आमच्यापेक्षा जास्त होती. आम्ही मुदत संपली की परत आलो. तो तिथलाच. गावाला तो आमचा माणूस वाटे आणि शस्त्रधारी गटांना खबऱ्या.

पागोळी

हवालदारसाहेब, 'तेच तर सांगायचं होतं' हे वाचून थांबले. तुमच्याकडे त्या मुलाचा जीव पणाला होता. ओकिनावात माझी तशी कोंडी नव्हती, ही तुलना मी करणारच नाही. तुम्ही बाहेर येऊन विचारलंत हे मात्र फार मोठं. ऐकणाऱ्यानं 'एवढंच?' असं विचारलं की दुभाष्याला पुरं बोलण्याची परवानगी मिळते.

---

केतकीवन

काही चांगलंही घडलं असेल ना? सहा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

पागोळी

घडलं. शीमी सांगते.

ओकिनावात वसंतात 'शीमी' असते. सगळं कुटुंब पूर्वजांच्या थडग्यापाशी जातं, गवत काढतं, नैवेद्य ठेवतं आणि तिथेच अंगणात बसून जेवतं. थडगी घराएवढी, कासवाच्या पाठीसारख्या छताची. ती गर्भाशयाच्या आकाराची असतात, माणूस आला तिथेच परत जातो, असं तिथले लोक सांगतात. युद्धानंतर जमिनी तळात गेल्या तेव्हा कित्येक थडगीही कुंपणाच्या आत राहिली. आजही शीमीला घराण्यांना अर्ज करून, नावांची यादी देऊन आत यावं लागतं. ते काम माझ्याकडे असे.

एका वर्षी तीन पिढ्यांचं कुटुंब आलं. फाटकावरचा पहारेकरी नवा, विशीतला. नियमानं त्यानं सगळं सामान उघडायला सांगितलं. आजींच्या मांडीवर लाखेचे थरांचे डबे होते, पितरांसाठी बांधलेले. पितरांच्या आधी कोणी झाकण काढायचं? आजींनी डब्यावर दोन्ही हात ठेवले आणि समोर बघत बसल्या. सून रडवेली झाली. मी पहारेकऱ्याला सांगितलं, 'यात मेलेल्या माणसांचं जेवण आहे, ते त्यांच्या आधी कोणी बघत नाही.' आणि आजींना सांगितलं, 'या मुलाला उघडल्याशिवाय सोडता येत नाही, सोडलं तर त्याला शिक्षा होईल.' कोणाचंही काही कमी केलं नाही.

आजी थोडा वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतः वरच्या डब्याचं झाकण दोन बोटं उचललं, त्याच्यापुरतं. तो वाकला, पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि गाडी सोडली. परत जाताना आजींनी खिडकीतून त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला मोची ठेवला. पितरांचं झाल्यावर प्रसाद सगळ्यांचाच असतो.

हे लिहिलं म्हणून थडगं कुंपणाच्या आत आहे हे काही बदलत नाही. पण तुम्ही चांगलं विचारलंत, आणि मला पहिलं हेच आठवलं.

---

अनुस्वार

एक इतिहासातलं विचारतो. लढाईच्या काळात ही दोन भाषांमधली माणसं कोण होती? अमेरिकी सैन्यात ओकिनावा वंशाचे दुभाषे होते असं वाचलंय.

पागोळी

होते. हवाई बेटांवरून अमेरिकी सैन्यात आलेले ओकिनावा वंशाचे तरुण गुहांच्या तोंडाशी उभे राहून ओकिनावाच्या बोलीत हाका मारत, बाहेर या, मारणार नाहीत. त्यांच्यातले ताकेजिरो हिगा लहानपणी ओकिनावातच वाढलेले. कैद्यांची चौकशी करताना समोर त्यांचेच शाळासोबती आले होते. आणि त्याच बेटावर जपानी सैन्यानं हुकूम काढला होता की ओकिनावाच्या बोलीत बोलेल तो हेर समजला जाईल.

पण मला नेहमी आठवतात ती दुसरी दोन माणसं. योमितानमध्ये दोन गुहा आहेत, एकमेकींपासून फार लांब नाहीत. १९४५ च्या १ एप्रिलला अमेरिकी सैन्य त्या किनाऱ्यावर उतरलं. चिबिचिरी गुहेत सुमारे १४० जण लपले होते. पकडलं तर हालहाल करून मारतील असं त्यांच्या मनावर बिंबवलेलं, आणि ८० हून अधिक माणसांनी दुसऱ्या दिवशी आपल्या माणसांना मारून स्वतः मरण पत्करलं. कित्येक मुलं होती. शिमुकु गुहेत सुमारे १,००० माणसं होती. त्यांच्यात हवाईत राहून परत आलेले दोघे होते, इंग्रजी येणारे. त्यांनी लोकांना थोपवलं, सांगितलं, अमेरिकी माणसं साध्या लोकांना मारत नाहीत, स्वतः बाहेर जाऊन सैनिकांशी बोलले आणि परत येऊन सगळ्यांना बाहेर काढलं. ती हजार माणसं जगली. गुहेत त्या दोघांची आठवण म्हणून दगड आहे.

मी नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथे गेले होते, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला पुन्हा गेले. दुसऱ्यांदा, वहीचा प्रसंग होऊन गेल्यावर, मी तिथे जास्त वेळ बसले.

शब्दवेडी

यावर काही लिहिता येत नाहीये. वाचलं एवढंच सांगते.

---

मुक्कामपोस्ट

सगळा धागा वाचला. मी ओसाकात आहे, जपानी भाषेची एन-१ ही सगळ्यात वरची परीक्षा झालीय, आणि ओकिनावातल्या एका नगरपालिकेत कंत्राटी दुभाष्याच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. म्हणजे कुंपणाच्या बाहेरच्या बाजूनं. काय तयारी करू?

पागोळी

मुक्कामपोस्ट, मनापासून शुभेच्छा. आदरार्थी जपानी आणि लष्करी हुद्दे तर तुम्ही करालच. लघुरूपं तिथे गेल्यावर कानावर पडून येतात. मुलाखतीत 'तणावाच्या प्रसंगी काय कराल' असं विचारलं तर 'दोन्ही बाजूंना शांत करेन' असं म्हणू नका.

या आठवड्यात एकच करा, गावांची नावं शिका. ओकिनावातली नावं मुख्य भूमीवरच्या जपानी माणसालाही वाचता येत नाहीत. जे चित्राक्षर तुम्ही 'शिरो' किंवा 'जो' वाचाल ते तिथे 'गुसुकु' होतं. जे 'किताया' किंवा 'कितातानी' दिसतं ते 'चातान'. उरासोएमध्ये एक वस्ती आहे, अक्षरांवरून डोकं आपटलंत तरी सापडणार नाही, उच्चार आहे 'जिच्चाकु'. आणि दक्षिणेला तोमिगुसुकुमध्ये तीन अक्षरांचं एक नाव आहे, ते वाचायचं नुसतं 'बिन'.

वस्तीच्या अध्यक्षांनी पहिल्या भेटीत मला नकाशा पुढे करून तेवढंच विचारलं होतं, वाचा. मला सातपैकी दोन आली. तुम्ही सगळी पाठ करून जा.

मुक्कामपोस्ट

ताई, नकाशा छापून घेतला. जिच्चाकु सापडलं. बिन शोधतोय.